शेकडा, पण कशाचा?

(खारबाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू आणि सेवा कराचे नवे दर देशभर लागू झाले. एसीवरचा आणि बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. अठ्ठावीसचे अठरा झाले, म्हणजे दहा टक्के गेले. तेव्हा करासकट चाळीस हजारांचा एसी आता छत्तीस हजारांना मिळायला हवा, हा हिशेब कुणाच्याही मनात सहज येईल. आणि दुकानदाराने छत्तीस हजार आठशे पंचाहत्तर रुपये सांगितले, तर तो मधल्या मधे पावणेनऊशे रुपये खातो आहे असेही वाटेल. दुकानदार यात एक पैसाही खात नाही. चुकला आहे तो गिऱ्हाइकाचा हिशेब, आणि तो नेमका कुठे चुकला हे तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर एक अक्षर लिहिले की लवकर कळते.

कर लागण्याआधीची किंमत क्ष रुपये मानू. जुन्या दराने गिऱ्हाइकाने मोजले १.२८ क्ष. ही रक्कम ४०,००० होती, म्हणून क्ष = ४०,००० ÷ १.२८ = ३१,२५०. नव्या दराने मोजायचे १.१८ क्ष, म्हणजे ३६,८७५. फरक ३,१२५ रुपयांचा. चाळीस हजारांशी त्याचे प्रमाण पडते ७.८१२५ टक्के. दहा टक्के कमी झाले हे खरेच आहे, पण ते ३१,२५० चे दहा टक्के. गिऱ्हाइकाने ते चाळीस हजारांचे धरले. जी रक्कम कुठल्याच लेबलवर छापलेली नव्हती तिच्यावर कर बसला होता, आणि जी डोळ्यांसमोर होती तिच्यावरून सूट मोजली गेली.

तुपाचेही असेच. त्यावरचा कर १२ वरून ५ वर आला. ५६० रुपयांचा डबा ५२५ ला यायला हवा. सात टक्के नव्हे, सव्वासहा टक्के स्वस्त. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. त्या मापाने पाहिले तर तुपाची घट रुपयामागे बरोबर एक आणा आणि एसीची बरोबर सव्वा आणा भरते. ज्यांच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ होती, त्यांच्या घरात हा हिशेब ओट्यावर बसून झाला असता. रुपयाचे तुकडे पाडायची ती सवय आज पुसट झाली आहे, आणि तिची जागा भरून काढील असे दुसरे साधन शाळेत आहे. त्या साधनाचे नाव बीजगणित.

शेकडेवारी ही एकटी उभी राहणारी संख्या नाही. वीस टक्के म्हटले की लगेच ‘कशाचे?’ हा प्रश्न आला पाहिजे. अंकगणित हा प्रश्न विचारल्याशिवायही पुढे सरकते: २० लिहिले, १०० लिहिले, गुणले, भागले, उत्तर आले. बीजगणितात ‘अमुक किंमत क्ष मानू’ असे पहिल्या ओळीत लिहावेच लागते. ते अमुक कोणते हे ठरवल्याशिवाय दुसरी ओळच लिहिता येत नाही. सुटीच्या उदाहरणांत बीजगणिताचे सगळे काम या पहिल्या ओळीत आहे. पुढची आकडेमोड कुठलाही मोबाइल करून देतो.

आठवीच्या गणितात ‘सूट व कमिशन’ नावाचे प्रकरण आहे. २०१८ सालच्या बालभारतीच्या पुस्तकात ते नववे. छापील किंमत, सूट, विक्री किंमत, शेकडा सूट असे चार शब्द आणि त्यांना जोडणारी सूत्रे. ‘एकचल समीकरणे’ हे प्रकरण त्यानंतर बऱ्याच पानांनी, बाराव्या क्रमांकावर येते. मुले सूट शिकतात तेव्हा क्ष हाताशी नसतो आणि क्ष हाताशी येतो तेव्हा सूट मागे पडलेली असते. हा क्रम बदलायला मंडळाच्या परवानगीची गरज नाही. बारावे प्रकरण शिकवताना नववे पुन्हा उघडले की झाले.

कारण वर्गात होणारी चूक ठरलेली आहे. ‘वीस टक्के सूट मिळून साडी १,२०० रुपयांना पडली, तर छापील किंमत किती?’ या प्रश्नावर वर्गातले बरेच हात १,४४० या उत्तरासाठी वर जातात. १,२०० चे वीस टक्के २४०, ते मिळवले की १,४४०. मुलांनी शेकडेवारी अचूक काढलेली असते, फक्त वेगळ्याच रकमेची. शिक्षकाने ‘चूक’ म्हणून रेघ ओढण्याऐवजी ताळा करायला सांगावा. १,४४० वर वीस टक्के सूट द्या, उरतात १,१५२. साडी तर १,२०० ची होती. आता क्ष येऊ द्या: छापील किंमत क्ष, सूट क्ष ची, म्हणून ०.८ क्ष = १,२००, क्ष = १,५००. ताळ्यातून आलेली ही अडचण मुलांनी आधी स्वतः अनुभवलेली असली की समीकरण हे वरून लादलेले ओझे वाटत नाही.

या प्रकारचे उदाहरण महाराष्ट्राला नवे नाही. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४, ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये लिहिला. त्यातल्या लीलावती भागात व्याजाचा एक प्रश्न आहे. दरमहा शेकडा पाच दराने कर्ज दिले, वर्षाने मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले, तर मुद्दल किती आणि व्याज किती? बारा महिन्यांचे व्याज शेकडा साठ. हजारातून हजाराचे साठ टक्के वजा करणारा विद्यार्थी चारशेवर थांबेल. उत्तर आहे मुद्दल ६२५ आणि व्याज ३७५. आचार्यांची रीत अशी: शंभर गुणिले एक महिना शंभर, पाच गुणिले बारा महिने साठ, दोन्हींची बेरीज एकशे साठ; या एकशे साठपैकी शंभर भाग मुद्दलाचे, साठ भाग व्याजाचे. आजच्या वहीत तेच १.६ क्ष = १,००० असे उतरते. साडीचे उदाहरण आणि हे उदाहरण सख्खी भावंडे आहेत. एकात मूळ रकमेत भर पडली, दुसऱ्यात तिच्यातून घट झाली. दोन्हींत हाती आलेली रक्कम दिली आहे आणि मूळ शोधायचे आहे.

लीलावतीत इष्टकर्म म्हणून आणखी एक रीत आहे आणि ती सातवीच्या मुलालाही झेपते. उत्तर माहीत नाही ना, मग सोयीची कुठलीही संख्या उत्तर म्हणून धरा. साडीची छापील किंमत १०० धरा. सूट जाऊन ८० उरले. उरायला हवे होते १,२००, म्हणजे ८० च्या पंधरा पट. मग धरलेली १०० ही पंधरा पट करा: १,५००. इथे अक्षर नाही, चिन्ह नाही, पण ‘कशाचे टक्के’ हा प्रश्न पहिल्याच पायरीला सुटला आहे. पुढे बीजगणित या भागात भास्कराचार्य अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणतात आणि एकाहून अधिक अज्ञात आले की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देतात. लिहिताना त्यांची आद्याक्षरे ‘या’, ‘का’, ‘नी’, ‘पी’. क्ष ला बिचकणाऱ्या मुलाला हे आवर्जून सांगावे. अज्ञाताला नाव देण्याची ही रीत आपल्याकडे नऊशे वर्षांपासून चालत आली आहे.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात ही हकीकत आहे, आणि हा लेख अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मठाला बाजाराच्या उत्पन्नातले काय काय मिळावे याची ती नोंद. तिच्यात ग्राहक येतो, दामाचा विसावा भाग येतो, सुपाऱ्या येतात, तेलाचा घाणा येतो. विसावा भाग म्हणजे आजचे पाच टक्के. ज्या मठात हजारातून सव्वासहाशे वेगळे काढायला शिकवायचे, त्याचा खर्च बाजारातल्या अशा हिश्शांतून भागणार होता. गणिताच्या शिक्षणाला बाजाराने पोसल्याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचित सापडेल.

पुढच्या शतकांतही बाजाराला शेकड्याची भाषा सोडता आली नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे नाना टाकसाळींचे रुपये एकाच पेठेत फिरत. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ बट्टा कापून घेई. गावोगावी पैसे पाठवायचे तर हुंडी, आणि तिची हुंडणावळ. आणि सावकारी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली, तो उठाव पसरला, चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावर लिहिलेली रक्कम एक आणि हातात पडलेली दुसरी, ही त्या काळच्या तक्रारींपैकी एक होती. समजा, शंभराच्या रोख्यावर दहा रुपये आधीच कापून नव्वद दिले आणि वर्षाने शंभर परत घेतले. सावकार म्हणणार, दर शेकडा दहा. ऋणकोने वापरले नव्वद, व्याज दिले दहा. म्हणजे दर ११.११ टक्के. अक्षरओळख नसलेल्या माणसाला हा एक टक्क्याहून थोडा जास्त फरक दाखवून देणारे कुणी नव्हते. गणित न येण्याची किंमत तो पिढ्यान्‌पिढ्या मोजत राहिला, म्हणून हा विषय परीक्षेतल्या चार गुणांपुरता मानणे योग्य नाही.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. वसई–दिवा मार्गावर, कामण रोड आणि भिवंडी रोड या स्टेशनांच्या मध्ये खारबाव आहे. एका बाजूला भिवंडीचे यंत्रमाग, चहूकडे वाढत गेलेली गोदामे, अधूनमधून भाताची शेती. या तिन्ही ठिकाणी शेकडा चालतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा पाया वेगळा असतो.

मागावरच्या कामाचा दर ‘पिका’मागे, म्हणजे विणीतल्या आडव्या धाग्यामागे, इतके पैसे असा ठरतो. समजा तो २० पैसे आहे. मंदीत वीस टक्के घट झाली: १६ पैसे. तेजीत वीस टक्के वाढ मिळाली. वर्तमानपत्रात बातमी वाचणाऱ्याला वाटेल, दर पूर्ववत झाला. दर झाला १९.२ पैसे. घट २० पैशांवर मोजली, वाढ १६ पैशांवर. मूळ दर परत हवा तर १६(१ + प) = २०, म्हणजे वाढ पंचवीस टक्के मागावी लागते. वाटाघाटीला बसणाऱ्या माणसाने हे समीकरण खिशात ठेवावे. घट जितकी मोठी तितकी ही दरी रुंद: दहा टक्के घट भरून काढायला ११.११ टक्के वाढ लागते आणि पन्नास टक्के घटीला शंभर.

कापडाच्या व्यवहारात रोखीचा वटाव असतो. अट अशी समजा: माल उचलल्यापासून दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के वटाव, नाहीतर पंचेचाळीस दिवसांत पूर्ण रक्कम. (सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, हे २००६ च्या कायद्याने ठरवलेले आहे.) दोन टक्के म्हणजे किरकोळ, असे म्हणून खरेदीदार उधारी पसंत करतो. शंभराच्या मालावर त्याने खरे तर ९८ रुपये आणखी ३५ दिवस वापरले आणि त्याबद्दल दोन रुपये मोजले. २ ÷ ९८ हा ३५ दिवसांचा दर. वर्षावर नेला तर द.सा.द.शे. २१ हून अधिक पडतो. यापेक्षा कमी दराने बँकेचे कर्ज मिळत असेल तर कर्ज काढून वटाव घेणे परवडते. व्यापाऱ्याच्या मुलाने हे उदाहरण सोडवून घरी दाखवावे.

भाताचे उदाहरण किमतीचे नाही, पण जातकुळी तीच. सरकारी खरेदी केंद्रावर भातातला ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. झोडणीनंतर १०० किलो भातात २२ टक्के ओलावा असला तर तो वाळवून १७ वर आणल्यावर किती किलो भरेल? पाच टक्के पाणी उडाले, म्हणून ९५ किलो, असे पटकन तोंडी येते. पाणी उडाले तरी दाण्यातला कोरडा भाग ७८ किलो तसाच राहिला. वाळल्यावरचे वजन क्ष धरले तर कोरडा भाग ०.८३ क्ष, तो ७८, म्हणून क्ष जवळजवळ ९४ किलो. क्विंटलमागे सुमारे एक किलोची तूट शेतकऱ्याला चोरीसारखी वाटते, आणि चोरी झालेली नसते.

गोदामांतून सणासुदीला जो माल सुटतो त्यावरच्या जाहिराती मात्र जाणीवपूर्वक शब्द निवडतात. ‘५० टक्के, त्यावर आणखी २० टक्के’ याची बेरीज सत्तर होत नाही, ०.५ × ०.८ = ०.४, म्हणजे साठ टक्के सूट. ‘दोनावर एक मोफत’ ही ३३.३३ टक्के सूट. ‘वीस टक्के जास्त माल, त्याच किमतीत’ ही वीस टक्के सूट नव्हे, एक षष्ठांश, १६.६७. गैर यातले काही नाही. वाचणाऱ्याने पाया ओळखला पाहिजे, इतकेच.

कधी कधी मात्र गैर असते. वेष्टनावरची कमाल किरकोळ किंमत सर्व करांसहित असते, हे वैधमापनशास्त्राच्या नियमांनी ठरवले आहे. तरी एके काळी कपड्यांच्या दुकानांत ‘सरसकट ४० टक्के सूट’ अशी पाटी लावून बिलात उरलेल्या रकमेवर वेगळा व्हॅट लावत. समजा छापील किंमत ४,०००, सूट जाऊन २,४००, त्यावर पाच टक्के व्हॅट १२०, बिल २,५२०. खरी सूट निघाली ३७ टक्के, कारण ०.६ × १.०५ = ०.६३. अशा एका प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २०१७ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निर्णय दिला: करांसहित छापलेल्या किमतीवर सूट जाहीर केली तर उरलेल्या रकमेवर पुन्हा कर आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ग्राहकांना एकत्र येऊन खरेदी करायला आणि बिल वाचायला शिकवते आहे. ते बिल वाचणे आठवीच्या गणितात बसते, आणि शाळेने ते काम ग्राहक चळवळीवर सोडून देऊ नये. छापील पुस्तकातल्या उदाहरणांबरोबर प्रत्येक मुलाने घरातले एक खरे बिल वर्गात आणले आणि त्यातला क्ष शोधला, तर या प्रकरणाला वेगळी प्रस्तावना लागणार नाही.

शेवटचे उदाहरण कापडाचेच, कारण ते या तालुक्यात शिवले, साठवले आणि विकले जाते. नव्या दरांनुसार २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर कर ५ टक्के, त्याहून एक रुपया जरी वर गेला तर १८ टक्के. बिलातच दाखवलेली सूट करपात्र मूल्यातून वजा होते. समजा एका जाकिटाची कराआधीची किंमत २,७०० आहे. सूट न देता विकले तर १८ टक्के करासह गिऱ्हाइकाला ३,१८६ मोजावे लागतात. दुकानदार किती टक्के सूट देईल तर कर पाच टक्क्यांवर येईल? २,७००(१ − स) = २,५००, म्हणजे स = ७.४१ टक्के. मग गिऱ्हाईक २,५०० वर पाच टक्के कर देऊन २,६२५ मोजते. दुकानदाराचे गेले २००, गिऱ्हाइकाचे वाचले ५६१, म्हणजे १७.६१ टक्के. मधले ३६१ रुपये सरकारी करातून कमी झाले. याच्याच आधारे दुसरी एक गोष्ट निघते: करासह मोजायची रक्कम २,६२५ आणि २,९५० यांच्या मध्ये पडेल असा एकही कपडा नियमाप्रमाणे विकता येत नाही. ते का, हे दोन ओळींत लिहून दाखवणे आणि कराआधीची किंमत २,८०० असताना किमान किती टक्के सूट लागेल हे काढणे, ही दोन उदाहरणे येथील नववीच्या विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर लिहून ठेवली आहेत.